चंपाला कुठलं तिकीट?

'सखाराम बाइंडर'वर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं अश्लीलतेभोवती फिरतं. तेंडुलकरांचं हे नाटक कमलाकर सारंगांनी 1972 मध्ये रंगमंचावर आणलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. पुढे सेन्सॉर, कोर्टकचेरी आणि त्यावरचं सारंगांचं 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला : चंपा दारू का पिते?

अकोल्यात एक हौशी प्रयोग पाहताना मागच्या रांगेतल्या बाई पुटपुटल्या, "मंग निंघून काहून नाई जात ते?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नाटकातच आहे. सखारामचं घर म्हणजे करार. नवऱ्याने टाकलेली बाई आणायची, तिने घर आणि अंथरूण दोन्ही सांभाळायचं. पटलं नाही तर साडी, पन्नास रुपये आणि हवं तिथलं तिकीट. दार उघडंच असतं. चंपा पहिल्यांदा नाही म्हणते, तेव्हा सखाराम तिला याच उघड्या दाराची धमकी देतो. मग ती दारू मागते. तिच्या पिण्याला आपल्या समीक्षेने बिनधास्तपणा वगैरे म्हटलंय. मला ती भूल वाटते, ऑपरेशनच्या आधी देतात तशी.

आणि जाणार कुठे? मागे फौजदार शिंदे आहे. कळत्या वयाआधीच आईकडून आणून त्याने तिच्याशी लग्न केलं, रात्रीरात्री छळलं. तो दाराशी येतो आणि चंपा त्याला तुडवते, तेव्हा अकोल्यात हशा पिकला. मला तो प्रवेश अख्ख्या नाटकात सगळ्यात कमी विनोदी वाटतो.

तेंडुलकरांनी हे दोन पुरुष शेजारी उभे केले, कारण चंपाच्या शरीराला त्यांच्यात फरक कळत नाही. कायद्याला कळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मधला अपवाद सांगतो, की पत्नी 18 वर्षांखालची नसेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार नाही. हा अपवाद काढा, असं वर्मा समितीने 2013 मध्येच सांगितलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयात 2022 मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली. म्हणजे आजची सज्ञान चंपा शिंदेच्या घरात असताना तिच्यावर 'बलात्कार' होत नाही. क्रूरतेची तक्रार तेवढी करता येते. सखारामच्या घरात मात्र होऊ शकतो, कारण तो नवरा नाही. माझ्या धंद्यातला साधा फोनसुद्धा कॅमेरा उघडताना 'फक्त या वेळी' असा पर्याय देतो. लग्नात तो नाही.

आता उलट बाजू. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लैंगिक छळाचं नाव घेतो, घरात राहण्याचा हक्क देतो, विवाहसदृश नात्यालाही लागू होतो. पण 2010 च्या वेलुसामी निकालानुसार अशा नात्यातली दोघंही लग्नाला पात्र हवीत, म्हणजे आधीचं लग्न शिल्लक नको. सखाराम नेमक्या कुणाला आणतो? टाकलेल्या, सोडून आलेल्या, पण घटस्फोट न झालेल्या. वऱ्हाडात अशा बाया गावोगाव आहेत.

नाटकात मदतीची खरी कृती एकच आहे. परतून आलेल्या लक्ष्मीला चंपा घरात घेते. तू घर बघ, मी त्याला बघते. पीडितेने पीडितेला दिलेला हा आसरा तेंडुलकरांनी फार सुंदर लिहिलाय, आणि तिथेच माझं त्यांच्याशी भांडण आहे. ती लक्ष्मीच पुढे दाऊदची गोष्ट सखारामच्या कानावर घालते आणि चंपाचा गळा आवळला जातो. प्रेक्षक घरी जाताना चंपाच्या बाहेरख्यालीपणावर बोलतो. तिच्या रात्रींवर नाही.

2015 पासून केंद्र सरकारची 'सखी' वन स्टॉप सेंटरं आहेत, 181 हा नंबर आहे. समुपदेशन, पोलीस, डॉक्टर, वकील एका छपराखाली, कल्पना चांगलीच. पण तिथल्या तात्पुरत्या निवाऱ्याची मूळ मुदत पाच दिवसांची. पुढे आधारगृह, जागा असेल तर. चंपाचा नकार त्या पहिल्या रात्री टिकायचा तर तिला सहाव्या दिवशी झोपायला जागा लागते. सखारामकडे ती होती, म्हणून तर ती राहिली.