लेखक म्हणाला, पण विचारलं कुणी?

पेटचा निकाल लागला की आपल्याकडे सिनॉप्सिसचा हंगाम सुरू होतो. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला आपापली सिनॉप्सिस वाचायला पाठवली. एक जळगावची, दोन धुळ्याची. विषय वेगवेगळे होते, पण 'संशोधनाची साधने' या मथळ्याखाली तिघांनीही 'लेखकाच्या मुलाखती' लिहिलं होतं. आत पाहिलं तर मुलाखतीतलं वाक्य थेट पुरावा म्हणून टाकलेलं. लेखक अमुक म्हणतात, म्हणून अमुक सिद्ध होतं.

हसू नका, मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या सादरीकरणात मुलाखतींतली सहा अवतरणं होती. समितीतल्या एका बाहेरून आलेल्या सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "लेखक असं म्हणाला हे मान्य. पण त्याला विचारलं काय होतं?" मला सांगता आलं नाही. मी फक्त उत्तरं उतरवून घेतली होती. प्रश्न वहीत नव्हतेच. विषय परत आला आणि सहा महिने गेले.

तर आजचा लेख त्या सहा महिन्यांचा. इतिहास, राजकारण, समाज यांवर लिहिणाऱ्या लेखकाशी झालेलं संभाषण कसं वाचावं, त्यावर किती भार टाकावा, हे आपल्याच भागातल्या उदाहरणांवरून बघू.

सुरुवात धुळ्याच्या तुरुंगापासून करू. १९३२ साली विनोबा तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचनं त्यांनी कैद्यांसमोर दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' आपण विनोबांचं पुस्तक म्हणून वाचतो, आणि ते त्यांचंच आहे. पण कागदावर आलं ते दुसऱ्याच्या हातून, आणि तो हात साधासुधा नव्हता. साने गुरुजी स्वतः लेखक, अमळनेरला शिकवलेले, स्वतःची शैली असलेले. एखाद्या वाक्याचा ओलावा विनोबांचा की गुरुजींचा, हा प्रश्न संशोधकाने विचारायलाच हवा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आपल्या बहिणाबाईंचंही तसंच. त्या बोलल्या, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी लिहून घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. खानदेशात बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा हे आपण पिढ्यान्पिढ्या बघतोय. मुलाखतही हाच प्रकार. फरक इतकाच की मुलाखतीत लिहिणारा आधी प्रश्नही विचारतो. म्हणजे त्याचा वाटा वाढतो. तरी आपण संदर्भ देताना त्याचं नाव गाळतो.

आता नेमाड्यांकडे येऊ. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. २०१४ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला तेव्हा इथल्या प्रत्येक कॉलेजात पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. कादंबरीकार म्हणून ते माहीत असतातच, पण आपल्याला इथे हवेत ते समीक्षक आणि समाजावर बोलणारे नेमाडे. 'टीकास्वयंवर' हा त्यांचा लेखसंग्रह, आणि मुलाखतींचंही वेगळं पुस्तक आहे, 'निवडक मुलाखती'. गंमत बघा. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असा लेख लिहिणाऱ्या माणसाच्याच मुलाखतींना सगळ्यात जास्त मागणी.

मुलाखतीतले नेमाडे वाचायला मजा येते हे कबूल. ते बेधडक बोलतात, समोरच्याला घाबरत नाहीत, आपल्या बोलीची त्यांना लाज नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला त्यातून जो धीर मिळतो तो खरा आहे. मलाही मिळाला. पण संशोधक म्हणून माझी तक्रार अशी: संभाषणात त्यांचं मत राहतं आणि मताखालचा टेकू निघून जातो.

उदाहरण देतो. मराठी कादंबरीवरच्या त्यांच्या लेखात तीन प्रवृत्तींची मांडणी आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) ही तीन उगमस्थानं धरून ते पुढच्या कादंबऱ्या त्या त्या प्रवाहात बसवतात. ही मांडणी तुम्ही तपासू शकता. ती तीन पुस्तकं काढा, वाचा, पटत नसेल तर म्हणा की बुवा ही कादंबरी कुठल्याच प्रवाहात बसत नाही. अशी भांडणं झालीही पाहिजेत. पण मुलाखतीत हाच विचार 'देशीवाद' या एका शब्दात येतो, आणि त्या शब्दाशी भांडायला काही हाती लागत नाही. एक तर मान डोलवायची, नाहीतर चिडायचं. आपले विद्यार्थी नेमका तो शब्द उचलतात आणि लेख सोडून देतात.

याहून नाजूक प्रसंग २०२३ चा. मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात नेमाडे औरंगजेब आणि काशी विश्वेश्वराच्या मंदिराबद्दल बोलले. बातम्यांतून पोचलेला आशय असा, की औरंगजेबाच्या हिंदू राण्या काशीला गेल्या, तिथल्या पंड्यांनी त्यांच्यावर अत्याचार केला, म्हणून मंदिर पाडलं गेलं. मोठा वाद झाला. आमच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे ज्ञानपीठवाले सर उगाच बोलतील का, दुसरा म्हणे यांची पुस्तकंच वाचू नका. दोन दिवसांत दीडशे मेसेज, पण एकानेही विचारलं नाही की ही गोष्ट येते कुठून.

अशाच कथेचा छापील धागा सापडतो पट्टाभि सीतारामय्यांच्या 'फेदर्स अँड स्टोन्स' या १९४६ च्या पुस्तकात. सीतारामय्या काँग्रेसचे नेते. १९४२ च्या आंदोलनात ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते, हे पुस्तक तिथल्या टिपणांतून आलं. त्यातल्या कथेत राणी बादशहाची नाही, कच्छची आहे. आणि आधार काय? लखनौच्या एका मुल्लांकडे हस्तलिखित होतं, त्यांनी ते सीतारामय्यांच्या मित्राला दाखवायचं कबूल केलं होतं, पण दाखवण्याआधीच ते वारले. म्हणजे कागद सीतारामय्यांनी पाहिला नाही, मित्रानेही नाही.

दुसऱ्या बाजूला 'मआसिर-ए-आलमगिरी' हा साकी मुस्तैद खानचा फारसी ग्रंथ आहे. त्यात १६६९ च्या नोंदीत मंदिर पाडल्याचं येतं, आणि त्याआधीच्या हुकमाचं कारण म्हणून ठठ्ठा, मुलतान, बनारस इथल्या ब्राह्मणांच्या पाठशाळांतल्या शिकवणुकीचा उल्लेख येतो. राणीची गोष्ट तिथे नाही. पण थांबा, हा ग्रंथही पूर्ण झाला तो औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७१० मध्ये, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी. त्यालाही प्रश्न विचारायचेच. तरी दोन साधनांतला फरक तुमच्या लक्षात आला असेल. एकाचा कागद आज उघडून वाचता येतो. दुसऱ्याचा कागद पाहिलेला माणूसच समोर येत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. नेमाडे हे मराठी समीक्षेतलं मोठं नाव आहे आणि या प्रसंगानंतरही 'टीकास्वयंवर'चं मोल कमी होत नाही. पण कादंबरीवरचा अधिकार सतराव्या शतकाच्या इतिहासाला आपोआप लागू होत नाही. आपल्या गावचा माणूस आहे म्हणून तर अजिबात नाही. त्यांचं ते बोलणं २०२३ च्या महाराष्ट्राविषयी उत्तम साधन आहे: लेखक काय बोलतो, लोक कसे तुटून पडतात, बातमी काय उचलते. १६६९ बद्दल ते साधन नाही. त्याच ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा दोन्ही तटांनी मला शिव्या दिल्या. चालायचंच.

मग संभाषणांचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि त्यासाठी पुन्हा धुळ्यात यावं लागेल, शरद पाटलांकडे. १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, १९८२ मध्ये 'दास-शूद्रांची गुलामगिरी' आली. ज्यांनी हे पुस्तक हातात धरलंय त्यांना माहीत आहे, पहिल्या वीस पानांत घाम फुटतो. पाणिनी, पाली ग्रंथ, मार्क्स, फुले, सगळे एकाच परिच्छेदात. माझा एक मित्र म्हणतो, "भाऊ, हे वाचण्यापेक्षा त्यांच्या माणसांशी दोन तास बोललेलं बरं." तो अर्धा बरोबर आहे. पाटील २०१४ मध्ये गेले, पण त्यांच्यासोबत काम केलेले कार्यकर्ते आजही साक्री-धुळे भागात आहेत. त्यांच्याशी बोललं की कळतं, हा माणूस कुणासाठी लिहीत होता, कुठला शब्द कुठल्या भांडणातून आला. हे पुस्तकात मिळत नाही.

पण बोलताना शब्द सैल होतात. पाटील वर्ण, जात आणि वर्ग या तीन गोष्टी वेगळ्या काढतात, त्यांचं अख्खं लिखाण त्यावर उभं आहे. गप्पांत 'वर्ण-जात' एका दमात म्हटलं जातं. 'अब्राह्मणी' म्हणजे त्यांच्याकडे विचारांची परंपरा. गप्पांत त्याचं 'ब्राह्मणेतर' होतं आणि गोष्ट जन्मावर येऊन थांबते. म्हणून गप्पा झाल्यावर पुस्तकाकडे परत जायचंच. मित्राचं म्हणणं बरोबर नसलेला अर्धा भाग तो हा.

आता कामाचं. मुलाखत वापरणार असाल तर वहीत एवढं हवंच:

१. प्रश्न, शब्दशः. उत्तराइतकाच.

२. तारीख, आणि त्या सुमारास काय चाललं होतं. निवडणूक होती, पुरस्कार मिळाला होता, नवं पुस्तक आलं होतं? लेखक त्या हवेत बोलतो.

३. विचारणारा कोण. चाहता, पत्रकार, विरोधक की शिष्य? आणि छापण्याआधी मजकुरावर कुणी हात फिरवला?

४. हाच मुद्दा लेखकाने कुठे लिहिलाय का? लिहिलेलं आणि बोललेलं यांत फरक पडला तर तोच तुमचा मुद्दा होऊ शकतो.

५. लेखकाच्या आयुष्यापलीकडचं विधान असेल तर एकच प्रश्न: कुठल्या कागदावरून?

स्वतः मुलाखत घेणार असाल तर पाचवा प्रश्न तोंडावर विचारायची सवय करा. अवघड जातं. समोर वडीलधारा माणूस, चहा आलेला, आपण शिकाऊ. पण नम्रपणे विचारलं तर चांगला लेखक खूश होतो, असा माझा अनुभव आहे. काही जण उठून कपाटातून फाईल काढतात, आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते.

धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून, लोकांची दप्तरं उघडायला लावून कागद गोळा करणारा हा माणूस. लोकांशी बोलल्याशिवाय एकही दप्तर त्यांच्या हाती आलं नसणार. पण बोलण्यावर ते थांबले नाहीत, दप्तर बघून उठले.

माझ्या त्या सहा अवतरणांचं काय झालं? चार काढली. दोन ठेवली, त्यांच्यावर प्रश्न, तारीख आणि विचारणाऱ्याचं नाव घातलं. दुसऱ्या सादरीकरणाला तेच सर होते. या वेळी त्यांनी मुलाखतींबद्दल काहीच विचारलं नाही, थेट तिसऱ्या प्रकरणावर आले. तिथे वेगळीच फजिती झाली, ती पुढच्या लेखात.