मैदानावर बोलण्याचा हक्क

क्रिकेट हा सभ्य गृहस्थांचा खेळ आहे, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. हे सभ्य गृहस्थ कोण होते आणि त्यांना चेंडू टाकणारे कोण होते, हा प्रश्न मात्र क्रिकेटविषयक लेखनात क्वचितच विचारला जातो. आपली समीक्षा खेळाडूंच्या चरित्रांना वाङ्मय मानत नाही, म्हणून त्या चरित्रांतली मूल्येही तपासली जात नाहीत. वास्तविक, ज्या घरात कवितासंग्रह जात नाही त्या घरात ही चरित्रे जातात. मोठा माणूस कोणाला म्हणायचे, हे तिथला मुलगा त्यांतूनच शिकतो. तेव्हा ही चरित्रे कोणत्या साच्यात घडवली गेली, ते पाहणे आपले काम आहे.

हा साचा इंग्लंडच्या सरदार-जमीनदारांच्या अंगणात तयार झाला. १७२७ साली रिचमंडचा ड्यूक आणि ब्रॉड्रिक नावाचे एक गृहस्थ यांनी आपापसातल्या सामन्यांसाठी लेखी करार केला. क्रिकेटचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. त्यात एक कलम असे आहे की, खेळाच्या कोणत्याही मुद्द्यावर जो खेळाडू तोंड उघडेल त्याला सामन्यातून काढून टाकावे. मात्र हा नियम ड्यूकला आणि ब्रॉड्रिक यांना लागू नाही. दोघे बोलतील, बाकीचे खेळतील! टॉमस वेमार्क हा त्या काळचा नाणावलेला खेळाडू ह्याच ड्यूकच्या पागेत मोतद्दार होता. मालकाच्या घोड्यांची निगा राखायची आणि मालकाच्या पैजा जिंकून द्यायच्या, अशी दुहेरी चाकरी. ज्याच्या अंगी कौशल्य त्याला वाचा नाही आणि ज्याला वाचा त्याला कौशल्याची सक्ती नाही, ही व्यवस्था गावगाड्यात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या व्यवस्थेचा नमुनेदार नायक म्हणजे लॉर्ड फ्रेडरिक बोक्लेअर (१७७३–१८५०). हा ड्यूकचा मुलगा, राजा दुसरा चार्ल्स याच्या वंशातला, पेशाने धर्मोपदेशक आणि मैदानावर 'हौशी' खेळाडू. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा. परंतु क्रिकेटच्या पैजांवर आपण वर्षाला सहाशे गिनी मिळवतो, असे तो स्वतःच सांगत असे. १८१० साली विल्यम लॅम्बर्ट ह्या पगारी खेळाडूचा जोडीदार आजारी पडला. तेव्हा सामना पुढे ढकलायला बोक्लेअरने नकार दिला: खेळा, नाही तर पैज हरलात. लॅम्बर्ट दोघांविरुद्ध एकटा खेळला. दूर जाणाऱ्या चेंडूला त्या काळी दंड नव्हता. त्याने मुद्दाम तसे चेंडू टाकून लॉर्डला चिडवले, बाद केले आणि सामना जिंकला. पुढे १८१७ साली सामना विकल्याच्या आरोपावरून ह्याच लॅम्बर्टला लॉर्ड्स मैदानाची दारे कायमची बंद झाली आणि त्यात बोक्लेअरचा पुढाकार होता. पैजेवर जगणारा लॉर्ड मात्र १८२६ साली मेरिलबोन क्लबचा अध्यक्ष झाला. पैसा दोघांनाही हवा होता. पण एकाच्या पैशाला छंद म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या पैशाला पाप.

१८०६ साली 'जंटलमेन' विरुद्ध 'प्लेअर्स' हे सामने सुरू झाले आणि ते १९६२ पर्यंत चालले. पहिल्याच सामन्यात जंटलमेनांच्या संघाला लॅम्बर्ट आणि बेल्डम हे दोन पगारी खेळाडू उसने द्यावे लागले, आणि तो सामना जंटलमेनांनी जिंकला अशी नोंद झाली! पुढे दोन्ही वर्गांसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या आणि मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे झाले. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापली जात, पगारी खेळाडूची नंतर किंवा मुळीच नाही. साहेबाच्या देशातही पंगत वेगळी होती. फरक एवढाच की, तिथे तिला वर्ग म्हणत. आणि तिथे तो दरवाजा कायद्याने, पैशाने, कधी कर्तृत्वाने ओलांडता येत असे.

हा खेळ पलटणी आणि जिमखाने यांच्यासोबत आपल्याकडे आला, तेव्हा त्याला इथे जात तयारच सापडली. बाळू पालवणकर हे चांभार कुटुंबातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचे आणि जाळ्यात साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचे. तिथे फलंदाजी करण्याची संधी आपल्याला एकदाही मिळाली नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. फलंदाजी ही मालकी होती आणि गोलंदाजी हे काम. पुढे पुण्याच्या हिंदूंना साहेबांचा पराभव करायचा होता, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानात बाळूंच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडू झेलत होते; चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा. चेंडू कातड्याचा होता हे त्या वेळी कोणाला आठवले नाही. विटाळ हा वस्तूत नसतो, तो सोयीत असतो, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडणार नाही.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान कोण? पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराज भूपिंदरसिंह. राज्यारोहणाच्या समारंभात गुंतलेले महाराज बहुतेक सामने खेळलेच नाहीत. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. महाराजांच्या आयुष्यावर मोटारी, हिरे आणि शिकारीचे किस्से सांगणारे पुष्कळ लेखन आहे. बाळूंच्या वाट्याला बराच काळ हा एक आकडाच आला. सरदाराचे चरित्र लिहायचे आणि कामगाराचे आकडे मांडायचे, ही प्रस्थापित क्रीडालेखनाची रीत आहे.

बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद कधीच दिले गेले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले गेले आणि एम. डी. पै आजारी पडल्यावर कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या त्यांच्या भावांनी जातीमुळे आपल्याला डावलले जाते असे जाहीरपणे सांगून संघातून अंग काढून घेतले. १७२७ च्या करारातले ते कलम इथे मोडले गेले, खेळणारे बोलले! १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. ह्याच विठ्ठलांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. 'बलुतं' १९७८ चे. तीस वर्षे आधी अस्पृश्य मानलेल्या घरातला एक माणूस मराठीत आपले जीवन लिहितो आणि दलित आत्मकथनांच्या चर्चेत त्याचे नाव अपवादानेच येते, हा दोष आपलाही आहे. खेळाचे पुस्तक म्हणून समीक्षकांनी ते बाजूला ठेवले. आपणही त्यांचीच वर्गवारी मान्य केली.

नागपूरच्या वाचकाला ह्या साच्याचा पुढचा भाग घरचाच वाटेल. सी. के. नायडू १८९५ साली ह्याच शहरात जन्मले. ते सुखवस्तू घरातले. तरीही १९३२ च्या दौऱ्यावर कप्तान म्हणून पोरबंदरचे महाराज नेमले गेले आणि ते बाजूला झाले तेव्हाच लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीत नायडूंना नेतृत्व मिळाले. लेखक ह्याला महाराजांच्या मनाचा मोठेपणा म्हणतात. ज्याचे होते ते त्याला मिळाले, ह्यात मोठेपणा कोणाचा? १९३६ साली विजयनगरमचे महाराजकुमार कप्तान झाले. तीन कसोटींत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या, भरात असलेल्या लाला अमरनाथांना पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी पाठवले गेले आणि त्याच दौऱ्यात महाराजकुमारांना 'सर' ही पदवी मिळाली. नायडूंसारख्याला जर राजाच्या सौजन्याची वाट पाहावी लागली, तर पालवणकरांच्या वाटेत किती उंबरे असतील, याचा हिशेब वाचकानेच करावा.

येथे एक धोका आहे. लॉर्डाचा पुतळा काढून त्या चौथऱ्यावर बाळूंचा पुतळा बसवला की काम झाले, असे नाही. बाळूंनी १९३२ साली पुणे करारावर सही केली आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. हे लपवून लिहिलेले चरित्र जुन्याच साच्यातले ठरेल. हिंदू संघाने त्यांना आयुष्यभर उंबऱ्यावर उभे केले आणि त्याच हिंदू एकजुटीवर त्यांनी विश्वास ठेवला. ही विसंगती एका माणसाची नाही, कर्तृत्वाने जात पुसली जाईल अशी आशा करणाऱ्या एका पिढीची आहे. सिव्हिल लाइन्सच्या क्रिकेट मैदानावरून निघून सीताबर्डी, रामदासपेठ ओलांडली की दीक्षाभूमी येते. हे अंतर थोडे आहे. पण मैदानाने पालवणकरांना सन्मान दिला तो सामन्यापुरता, आणि १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखोंनी जो घेतला तो कोणाच्या सौजन्यावर अवलंबून नव्हता.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एवढेच सांगणे आहे: खेळाडूचे कोणतेही चरित्र हाती घ्या आणि आधी विचारा, मैदान कोणी झाडले, चेंडू कोणी टाकला, आणि बोलण्याची परवानगी कोणाला होती. विठ्ठलांचे पुस्तक शोधा, वाचा, वर्गात त्यावर बोला. दलित आत्मकथनाचा इतिहास लिहिताना १९४८ चे ते पान गाळू नका.