आपला रंग कोणता?

"आई, यात आपण कुठे आहोत?"

मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी स्वयंपाकघरात डब्यांची झाकणे शोधत होते. 'मिल्टनमध्ये' असे उत्तर अगदी तोंडावर आले होते. हात पुसत बाहेर येऊन पाहिले, तर संगणकाच्या पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा होता आणि कोपऱ्यात तारीख होती १ एप्रिल १३३७. चिरंजीवांचे वय चौदा, जन्म ओंटारिओतला. त्याला 'आपले' राज्य घेऊन खेळायचे होते आणि नकाशावर ते सापडत नव्हते.

खेळाचे नाव 'युरोपा युनिव्हर्सालिस ५'. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा हा खेळ ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बाजारात आला. तो तयार झाला मात्र स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या सिट्जेस गावातल्या तिच्या शाखेत. या मालिकेतला पहिला खेळ २००० साली आला होता, आणि त्याचे मूळ १९९३ सालच्या एका फ्रेंच पटावरच्या खेळात आहे. म्हणजे आपल्यापैकी काहीजण सूटकेस घेऊन टोरांटोच्या विमानतळावर उतरत होते, साधारण त्या काळातले हे घराणे आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. यात बंदुका घेऊन धावायचे नसते. जगाचा नकाशा समोर असतो. त्यातले एक राज्य निवडायचे आणि सुमारे पाचशे वर्षे ते चालवायचे: सारा बसवायचा, रस्ते बांधायचे, सोयरिकी जुळवायच्या, व्यापार वाढवायचा, वेळ आली की लढायचे. काळ थांबवून विचार करता येतो, ही माझ्यासारखीला मोठी सोय आहे. बुद्धिबळ, सावकाराची खतावणी आणि इतिहासाचा ॲटलास एकत्र बांधले तर जे होईल, ते हे. सुरुवातीला पडद्यावरची आकड्यांची गर्दी पाहून मला घेरी आली. व्यापारासारखी काही खाती संगणकाकडे सोपवता येतात, म्हणून निभावले.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते. १३३७ साली आपण कुठे होतो? अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९६ची. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य पुरते बुडाले. १३२७च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी हलवली आणि पुढे काही वर्षांनी ती परत दिल्लीला नेली. हसन गंगूने दौलताबादेस बहमनी राज्याची स्थापना केली ती १३४७ साली. म्हणजे खेळ सुरू होतो तो या दोहोंच्या मधल्या सांदीत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग नकाशावर दिल्लीच्या रंगात रंगलेला आहे. मी त्यावर बोट ठेवून म्हटले, "हे बघ, इथे आहोत." तो म्हणाला, "पण हा तर दिल्लीचा रंग आहे. म्हणजे आपण तेव्हा हरलो होतो का?"

या प्रश्नाने मी तीन आठवडे या खेळाला बसले. काही तास मुलाच्या शेजारी, काही तो झोपल्यावर एकटी. त्यावरची ही पहिली मते.

प्रथम जे उत्तम आहे ते सांगते. या खेळात राजाची सत्ता राजधानीपासून जितके दूर जावे तितकी पातळ होत जाते. रस्ता, नदी किंवा समुद्र जवळ असेल तर ती थोडी लांबवर पोचते. जिथे सत्ता पोचत नाही तिथला मुलूख नकाशावर तुमच्याच रंगाचा दिसतो, पण सारा तुमच्या खजिन्यात फारसा येत नाही. मी दिल्ली घेऊन खेळले तेव्हा दख्खन माझ्या नावावर होते आणि हाती त्यातले फार थोडे लागत होते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता त्या काळी दिल्लीत काझी होता. दिल्ली ते दौलताबाद वाट चाळीस दिवसांची, असे त्याने लिहून ठेवले आहे. शाळेत आम्ही 'वेडा महंमद' शिकलो आणि 'तुघलकी कारभार' हा शब्द तर आजही आपण सर्रास वापरतो. चाळीस दिवसांच्या वाटेच्या टोकाला असलेला मुलूख सांभाळायचा कसा, हे कोडे स्वतः सोडवायला बसल्यावर त्या माणसाच्या डोक्यात काय चालले असेल ते मला प्रथमच कळले. त्याने लोकांचे जे हाल केले ते त्यामुळे क्षम्य होत नाहीत. पण 'वेडा' हे उत्तर किती आळशी आहे ते लक्षात येते. हे काम पाठ्यपुस्तकाला जमले नव्हते, खेळाला जमले.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे यात माणसे आहेत. २०१३ साली आलेल्या याआधीच्या चौथ्या भागात प्रदेश म्हणजे सारा, उत्पादन आणि सैन्यभरतीचे तीन आकडे होते. इथे प्रत्येक ठिकाणी किती सरदार, किती पुरोहित, किती व्यापारी, किती शेतकरी, किती मजूर, किती गुलाम, त्यांचा धर्म कोणता, संस्कृती कोणती, याची मोजदाद आहे. ही माणसे धान्य खातात, साथीत मरतात, गाव सोडून शहरात जातात. नकाशाची एक तऱ्हा अशी आहे की राज्यांचे रंग बाजूला होतात आणि लोकांच्या संस्कृती दिसू लागतात. ती चालू केली आणि दिल्लीच्या रंगाखालून मराठी हे नाव वर आले. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे होते.

पण अर्धेच. कारण मोजता येणारी माणसे आणि नांदणारी माणसे यांत फरक आहे, आणि १३३७ हे वर्ष त्यासाठी फार बोलके आहे. त्या वर्षी नामदेव हयात होते, साठी ओलांडलेले. ज्ञानेश्वरी लिहून होऊन सत्तेचाळीस वर्षे झाली होती. आणि मंगळवेढ्याला चोखोबा होते. परंपरा सांगते की १३३८ साली तिथल्या गावकुसाच्या कामावर त्यांना वेठीस धरले गेले, कूस कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. खेळ सुरू होतो त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट.

खेळात तटबंदी कशी होते? एक बटण दाबायचे, पैसे भरायचे आणि काही काळ वाट पाहायची. ती उभी राहिली की कळवले जाते. ज्यांना गावकुसाबाहेरच राहावे लागे त्यांनीच ते कूस उभारायचे आणि त्याखालीच मरायचे, ही गोष्ट त्या बटणाच्या आसपासही नाही. चोखोबांची गणती 'मजूर' या रकान्यात नक्की होईल. पण त्या मजुराला देवळाची पायरी चढू दिली नव्हती, आणि तरीही त्याचे अभंग सातशे वर्षांनी लोकांच्या तोंडी आहेत, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. राज्य बुडालेले, राजभाषा फारसी, आणि अशा काळात मराठी टिकली ती शिंपी, माळी, कुंभार, महार यांच्या तोंडी. त्यांच्यापाशी ना सैन्य होते ना खजिना. एवढी मोठी गोष्ट घडत असताना खेळ माझ्याकडून दिल्लीच्या खजिन्याचा हिशेब घेत होता.

कोणी म्हणेल, खेळाकडून तुमची अपेक्षाच अवास्तव आहे. अभंगाला कुठून आणणार आकडा? मान्य. पण नाव 'वैश्विक' असले तरी मूळ कल्पना अशी की इतिहास करते ते राज्य, आणि ज्याला राज्य नाही तो दुसऱ्याच्या पटावरची सोंगटी. हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आपण ज्या भूमीवर राहतो तिथे तो अधिकच टोचतो. खेळ बाहेर आला तेव्हा उत्तर अमेरिकेतले बरेच मूळ समाज नकाशावर दाखवलेले होते, त्यांची लोकसंख्याही होती, पण त्यांची बाजू घेऊन खेळण्याची सोय नव्हती.

आमच्या घरापासून जवळच क्रॉफर्ड लेक आहे. इथल्या पुष्कळ मुलांची शाळेची सहल तिथे जाते. त्या तळ्याच्या तळाशी दर वर्षी गाळाचा एकेक थर बसतो. त्या थरांत अभ्यासकांना मक्याचे परागकण सापडले, त्यावरून जवळपास शेती करणारी वस्ती असली पाहिजे असा तर्क झाला, आणि शोध घेतल्यावर खरोखरच लांबलचक घरांचे एक गाव मिळाले. त्यातली काही घरे आज तिथे पुन्हा उभारली आहेत. त्या लोकांनी कोणाकडून सारा घेतला नाही की सीमा आखल्या नाहीत. त्यांचा पत्ता लागला तो मक्याच्या धुळीवरून. माझ्या मुलाला हे ठाऊक होते. त्या घरात तो बसून आला होता. तरी 'आपण कुठे' म्हणताना त्याने शोधला तो रंग.

मग खेळात सामील करून घेणे हा उपाय आहे का? तेही इतके सरळ नाही. 'सिव्हिलायझेशन ६' या दुसऱ्या प्रसिद्ध खेळाच्या २०१८ सालच्या पुरवणीत क्री लोक आणि त्यांचा नेता पाउंडमेकर यांना स्थान मिळाले. सन्मानाच्या भावनेनेच ते केले असावे. स्नेह जोडणारा नेता म्हणूनच त्याला दाखवले होते. तरी सस्कॅचेवानमधल्या पाउंडमेकर क्री नेशनचे मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर नापसंती कळवली. दुसऱ्यांना जिंकून त्यांची जमीन घेणे हे वसाहतवाल्यांचे मूल्य या खेळाने आमच्या पूर्वजांच्या गळ्यात बांधले, असा त्यांचा आक्षेप होता. हा पाउंडमेकर तोच, ज्याने १८८५ साली कट नाइफच्या लढाईत माघार घेणाऱ्या सैनिकांचा पाठलाग करण्यापासून आपल्या लोकांना रोखले. त्याच वर्षी त्याला राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, आणि कॅनडा सरकारने त्याला निर्दोष ठरवले ते २०१९ साली. एका खेळाने मूळ रहिवाशांना पटाबाहेर ठेवले, दुसऱ्याने आत घेऊन त्यांना जेत्यांच्या ओळीत बसवले. दोन्हीकडे अडचण एकच: या पटाला एकाच तऱ्हेचा खेळाडू कळतो.

यावर आपल्याकडचे उत्तर ठरलेले असते: आपलेही साम्राज्य दाखवा की! ते दाखवलेले आहे. २००९ सालच्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. पडद्यावर मराठे सरशी करताना पाहून इथल्या मुलांना जो आनंद होतो त्याला मी नाके मुरडणार नाही. मलाही झाला होता. वर्गात ज्याचे नाव कोणाला नीट उच्चारता येत नाही, त्या मुलाला तो आनंद लागतो. पण १६७४चा राज्याभिषेक ते १८१८ ही वर्षे १४४ भरतात. मराठी त्याच्या कितीतरी पट जुनी आहे. त्या १४४ वर्षांतच 'आपण' होतो असे ज्या मुलाला वाटेल, त्याला उरलेली सगळी शतके पराभवाची वाटतील. शिवाय आज तो स्वतः कॅनडात राहतो, जिथे मराठीचे कुठलेही राज्य नाही. मग त्याच्या हिशेबाने इथे आपण आहोत तरी का?

म्हणून मला वाटते, १३३७ला सुरुवात करून या खेळाने नकळत आपल्यावर उपकार केले आहेत. तो आपल्याला राज्य देत नाही, आणि त्यामुळे प्रश्न विचारायला लावतो. उत्तर मात्र त्याच्यापाशी नाही. ते घरातल्या मोठ्यांनी द्यायचे आहे.

घ्यावा का? तेरा-चौदा वर्षांपुढच्या, नकाशात रमणाऱ्या मुलांसाठी जरूर घ्यावा. साधा संगणक पुरणार नाही, आणि पहिले आठ-दहा तास वैतागाचे जातील हे धरून चालावे. खेळात पुढे जे घडते ते इतिहासाप्रमाणे घडतेच असे नाही, हे मुलांना आधी सांगावे. आणि शक्यतो एकट्याने खेळू देऊ नये. धाक म्हणून नव्हे. शेजारी बसलात तर प्रश्न तुमच्या वाट्याला येतील म्हणून.

माझ्या वाट्याला आले. मंगळवेढ्याची हकीकत मी त्याला एका रविवारी सांगितली. त्याने खेळ थांबवलेला होता, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने त्याने नकाशा मोठा केला, भीमेच्या काठाने पंढरपूरपर्यंत गेला आणि विचारले, "मग तेव्हा इथे कोण कोण राहत होतं?"

राजा कोण होता हे त्याने विचारले नाही. आम्ही जेवायला उशिरा बसलो.