बटणाकडे गेलेला हात

अतिवास्तववादी फोटोमोंटाजला कलादालनाच्या भिंतीवर जागा मिळाली, याचा आनंद मलाही आहे. पण ग्रेटे स्टर्नची चित्रं तिथे पाहिली जातात तेव्हा त्यांतलं अर्धं वाक्य खोडल्यासारखं वाटतं.

स्टर्न जर्मन होती. वाल्टर पेटरहान्सकडे छायाचित्रण शिकली आणि 1935 मध्ये अर्जेंटिनाला गेली. 1948 ते 1951 या काळात ब्यूनोस आयर्सच्या ‘इदिलिओ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी तिने सुमारे 140 फोटोमोंटाज केले. सदराचं नाव ‘मनोविश्लेषण तुम्हाला मदत करील’. वाचक स्त्रिया आपली स्वप्नं लिहून पाठवत आणि ‘रिचर्ड रेस्ट’ त्यांचा अर्थ सांगे. या टोपणनावामागे समाजशास्त्रज्ञ जीनो जेर्मानी आणि एनरिके बुतेलमान होते. चित्र उभं हवं की आडवं, हेसुद्धा जेर्मानी सुचवत असे. म्हणजे हे सांगून करून घेतलेलं, दर आठवड्याचं काम. कात्री, डिंक, आणि मॉडेल म्हणून मैत्रिणी, शेजारणी, स्वतःची मुलगी.

त्यातलं पहिलं स्वप्न, ‘घरासाठी विजेची उपकरणं’, पाहा. टेबललॅम्पच्या खांबाच्या जागी एक नटलेली बाई, डोक्यावर लॅम्पची टोपी. शेजारून एका पुरुषाचा हात बटणाकडे आलाय, आणि तिच्या मानाने तो प्रचंड आहे. मान रेचं 1924 चं ‘इंग्रचं व्हायोलिन’ याच्याशेजारी ठेवा. तिथेही बाईचं वाद्य झालंय, पण वाजवणारा चौकटीत नाही. ती जागा पाहणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे, आणि आपण बिनबोभाट तिथे जाऊन उभे राहतो. स्टर्न हात दाखवते. माझ्या लेखी दोघांतला फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. अतिवास्तववादाने स्त्रीच्या देहाची जी वस्तू केली, तिचा वापर करणारा इथे पकडला गेलाय.

सदराचा सूर साधारण असा, की बाई, गुंता तुझ्या मनात आहे, तो तूच सोडव. चित्र त्याच पानावर वेगळं बोलतं. बाईच्या मनात गुंता असेलही, पण बटण कोणाच्या हाताखाली आहे? उत्तर देणाऱ्या पुरुषाच्या मजकुराला खेटूनच हा प्रश्न छापला जात होता, याची मला अजून गंमत वाटते.

पुढे मूळ चिकटकामांपैकी बरीचशी नाहीशी झाली. स्टर्नने काहींचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून त्यांच्या प्रती आज संग्रहालयांत आहेत. त्या सुंदर आहेत. पण पत्र नाही, उत्तर नाही, साप्ताहिकाचं पानही नाही. उरतं ते नुसतं विचित्र, आणि विचित्राचं कौतुक करणं सोपं असतं. अशा प्रदर्शनात चित्राशेजारी छापील पान, वाचता येईल एवढ्या आकारात आणि भाषांतरासह लावायला हवं. ते पान स्वस्त कागदावरचं आहे, एवढ्यासाठी बाहेर ठेवू नये.