भातावरून शिताची परीक्षा

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत बेसबॉल कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल. कारण सांगतो. आकड्यांच्या आधारे एका विशिष्ट माणसाच्या उद्याबद्दल किती बोलता येतं, हा तर्कशास्त्रातला जुना प्रश्न आहे. तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये जितका स्वच्छ दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसतो. त्या खेळात शंभराहून जास्त वर्षांच्या तपशीलवार नोंदी आहेत. आणि दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी शेकडो खेळाडूंच्या नावापुढे पुढच्या वर्षीचे आकडे मांडले जातात. अमुक इतके होमरन मारेल, तमुक इतक्या सरासरीने खेळेल. याला ते प्रोजेक्शन म्हणतात. हंगाम संपला की भाकीत आणि वास्तव शेजारीशेजारी ठेवून बघता येतं. ज्योतिषाच्या धंद्यात ही सोय नाही!

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. एक शीत दाबून बघायचं, शिजलं असेल तर भात शिजला. संख्याशास्त्रातली नमुना-पाहणी हेच करते. प्रोजेक्शनचं काम नेमकं उलटं आहे. ते सगळ्या भाताकडे बघून एका शिताबद्दल बोलतं. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं की हे काम उपयोगाचं आहे, बऱ्याचदा जाणकारांच्या अंदाजापेक्षा सरस आहे, पण त्यातून निघणारं विधान शेवटपर्यंत भाताबद्दलच राहतं. वाक्याचा कर्ता म्हणून नाव एका खेळाडूचं येतं आणि अर्थ मात्र त्याच्यासारख्या अनेकांबद्दलचा असतो. ही गफलत नुसती व्याकरणाची नाही. तिच्यावर माणसांच्या नोकऱ्या अवलंबून असतात.

आधी यंत्रणा समजून घेऊ. क्रिकेटची सरासरी म्हणजे दर बाद होण्यामागे किती धावा. बेसबॉलची म्हणजे फलंदाजीच्या दर प्रयत्नामागे किती हिट. दहा प्रयत्नांत तीन हिट म्हणजे ०.३००, आणि तो उत्तम फलंदाज समजला जातो. म्हणजे उत्तम माणूसही दहापैकी सात वेळा हुकतो! अशा खेळात नशिबाचा वाटा मोठा असणार, हे उघड आहे.

भाकितांच्या पद्धतींपैकी सर्वांत साधी म्हणजे टॉम टँगो यांची ‘मार्सेल’. ‘फ्रेंड्स’ या मालिकेतल्या माकडाचं नाव तिला दिलंय, कारण हे एखादं माकडही करू शकेल अशी कल्पना आहे. फलंदाजाची मागची तीन वर्षं घ्या. ताज्या वर्षाला ५, त्याआधीच्याला ४, त्याआधीच्याला ३ असं वजन द्या. मग त्यात सर्वसाधारण खेळाडूच्या दर्जाच्या १२०० खेळी मिसळा. शेवटी वयाची थोडी दुरुस्ती करा, २९ च्या आतला असेल तर किंचित वर, पलीकडचा असेल तर किंचित खाली. संपलं.

त्या १२०० कडे जरा लक्ष द्या. तिन्ही वर्षं सहाशे-सहाशे वेळा खेळलेला फलंदाज असेल तर वजन धरून त्याच्या खात्यात ७२०० जमतात. त्याच्या भाकितात त्याचा स्वतःचा वाटा साधारण ८६ टक्के. पण एखादा पोरगा गेल्या वर्षी फक्त शंभर वेळा खेळला असेल तर त्याच्या खात्यात ५००, आणि समोर १२००. म्हणजे त्याच्या नावाने छापलेल्या आकड्यात तो स्वतः तीस टक्क्यांहूनही कमी. उरलेला सगळा भात. हे लबाडीचं नाही बरं का, उलट हाच त्या पद्धतीचा प्रामाणिकपणा आहे. माहिती थोडी असेल तर गर्दीकडे बघा, एवढंच ती सांगते.

आणि गर्दीकडे बघितल्याने खरोखर फायदा होतो. याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये एक विचित्र वाटणारी गोष्ट सिद्ध केली. तीन किंवा अधिक राशींचा एकत्र अंदाज करायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतंत्र सरासरी घेण्यापेक्षा सगळ्या अंदाजांना एका बिंदूकडे थोडं ओढलं की एकूण चूक कमी अपेक्षिता येते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी ते पुढे १९७० च्या हंगामातल्या अठरा फलंदाजांवर लावून दाखवलं. प्रत्येकाचे पहिले ४५ प्रयत्न घेतले आणि त्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज केला. रोबेर्तो क्लेमेंटे तेव्हा ०.४०० वर होता. अठराजणांची सरासरी ०.२६५. सूत्राने क्लेमेंटेला ओढून ०.२९४ वर आणलं. पुढे तो ०.३४६ ने खेळला. सगळ्यांचा हिशेब केला तेव्हा, चुकांचे वर्ग करून बेरीज घेतली तर, ओढलेल्या अंदाजांची चूक साध्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरली. अठरापैकी सोळाजणांच्या बाबतीत सूत्र वास्तवाच्या जास्त जवळ होतं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय विचारावं? उरलेल्या दोघांचं काय? रॉन स्वोबोडा ०.२४४ वर होता, सूत्राने त्याला वर ओढलं, तो खाली ०.२३० वर गेला. एली रॉड्रिगेझ ०.२२२ वर होता, त्यालाही वर ओढलं, तो जवळजवळ होता तिथेच राहिला. आणि सूत्र ज्यांच्या बाबतीत ‘जिंकलं’ त्यातला थर्मन मन्सन बघा. सुरुवातीला ०.१७८, सूत्राचा अंदाज ०.२४७, पुढचा हंगाम ०.३१६! त्या वर्षी अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. सूत्राने त्याला योग्य दिशेने ढकललं खरं, पण तो कुठे पोहोचणार याची सूत्राला गंधवार्ता नव्हती. स्टाइन यांचं प्रमेय मुळात बेरजेबद्दल बोलतं. बेरीज सुधारेल ही हमी ते देतं. त्यात कोणाचा अंदाज सुधारेल आणि कोणाचा बिघडेल, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही.

इथे आकड्यांना नावं ठेवून टाळ्या मिळवणं सोपं आहे. ते मला करायचं नाही. ‘तज्ज्ञाची नजर’ म्हणजे काय चीज असते हेही बघू. डस्टिन पेड्रोइया हा बुटका खेळाडू. मेजर लीगच्या मापाने त्याची अंगकाठी स्काऊट मंडळींच्या डोळ्यांत भरत नव्हती. नेट सिल्व्हर यांच्या ‘पेकोटा’ या पद्धतीला मात्र त्याचे मायनर लीगमधले आकडे दिसत होते, आणि तिचा त्याच्यावर विश्वास होता. २००७ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २००८ मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं की तज्ज्ञाचा अंदाज आणि साधं सूत्र यांची तुलना केली, तर बहुतेक ठिकाणी सूत्र बरोबरीला येतं किंवा वरचढ ठरतं. डोळ्यांना पूर्वग्रह असतात. सूत्राला निदान उंचीचा राग नसतो.

तेव्हा माझा आक्षेप सूत्रावर नाही. त्याच्या उत्तराला आपण कोणाचं उत्तर समजतो, यावर आहे.

पेकोटाचंच घ्या. बिल पेकोटा नावाचा एक सामान्य खेळाडू होता, कारकिर्दीची सरासरी ०.२४९. त्याच्या आडनावात अक्षरं बसवून हे नाव तयार केलंय. ही पद्धत इतिहासातून तुमच्यासारखे खेळाडू शोधते. वय, उंची, वजन, मैदानातली जागा, आकडे, सगळं जुळवून बघते. ते पुढे कसे खेळले यावरून तुमचा उद्या मांडते. कल्पना सुंदर आहे. पण ‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोणासारखे? जॉन व्हेन यांनी १८६६ मध्ये हीच अडचण मांडली होती. प्रत्येक माणूस एकाच वेळी असंख्य वर्गांत मोडतो आणि प्रत्येक वर्गाची टक्केवारी वेगळी असते. तर्कशास्त्रात याला संदर्भवर्गाचा प्रश्न म्हणतात. रिचर्ड फॉन मिझेस तर म्हणत की एकट्या व्यक्तीच्या बाबतीत संभाव्यतेची भाषाच निरर्थक आहे, ती समूहालाच लागू होते. मी इतका टोकाला जात नाही. पण वर्ग निवडणारे आपण असतो, हे विसरू नये. उंची मोजता येते म्हणून ती वर्गात येते. मनगटाची घाई, घरची काळजी, प्रशिक्षकाशी जमणं या गोष्टी येत नाहीत, कारण त्यांचा रकाना नसतो.

आता होजे बाऊतिस्ता. २००४ या एका वर्षात हा गृहस्थ पाच मेजर लीग संघांच्या यादीतून फिरला. कोणालाच नको होता. २००६ ते २००९ या चार वर्षांत त्याचे होमरन होते १६, १५, १५ आणि १३. या आकड्यांना हवी ती वजनं द्या, २०१० साठी चोपन्न हा आकडा काही निघणार नाही. त्याने चोपन्न मारले. पुढच्या वर्षी त्रेचाळीस.

झालं काय होतं? टोरंटोमध्ये व्यवस्थापक सिटो गॅस्टन आणि फलंदाजीचे प्रशिक्षक ड्वेन मर्फी यांनी त्याच्या लक्षात आणून दिलं की तो बॅट उशिरा फिरवायला घेतो. त्याने सुरुवात लवकर करायला घेतली. २००९ च्या तेरापैकी बहुतेक होमरन हंगामाच्या शेवटच्या महिन्यात आले होते. वर्षाची मोट एकत्र बांधणाऱ्या आकड्याला ते वेगळं दिसलं नाही.

आपले नैयायिक यासाठी एक नेमका शब्द वापरतात, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. त्याला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, वरून न दिसणारी अट. बाऊतिस्ताच्या अंगात ताकद आधीपासून होती, वेळ साधण्याची अट पुरी होत नव्हती. अट बदलली आणि जुन्या आकड्यांवरून काढलेली व्याप्ती त्याला लागू होईनाशी झाली.

यावर तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक खेळाडू म्हणेल की माझं प्रकरण वेगळं. बरोबर आहे. बेसबॉलमध्ये हा विनोदच झालाय. दर वसंतात कोणीतरी ‘आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत’ सरावाला हजर होतो आणि हंगाम नेहमीसारखाच जातो. मील यांचंही उदाहरण आहे. सूत्र सांगतं, अमुक प्राध्यापक आज सिनेमाला जाणार. पण आपल्याला कळलंय की त्यांचा पाय मोडलाय. मग सूत्र बाजूला ठेवायला हरकत नाही. मात्र ज्याला त्याला मोडलेला पाय दिसू लागला, तर सूत्राचा सगळा फायदा गेला. म्हणून कसोटी कडक हवी. बदललेलं कारण बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. पण ते दाखवायचं तर आधी कोणीतरी जवळ जाऊन बघायला हवं, हेही तितकंच खरं.

आणखी एक भेद सांगतो. ‘मला उद्या ताप येणार’ आणि ‘मी उद्या पुण्याला जाणार’, ही दोन्ही वाक्यं भविष्यकाळी आहेत. पहिलं भाकीत आहे, दुसरा बेत आहे. एलिझाबेथ अँस्कम यांचं १९५७ चं ‘इंटेन्शन’ हे पुस्तक याच भेदापासून सुरू होतं. पहिल्याला मी पुरावा देतो, दुसऱ्याला कारण देतो. संघाच्या कचेरीत बसलेल्या माणसाला खेळाडूचं पुढचं वर्ष पहिल्या वाक्यासारखं दिसतं, आणि त्याच्या जागेवरून ते रास्तच आहे. खेळाडूला मात्र ते दुसऱ्या वाक्यासारखं दिसलं पाहिजे. स्वतःच्या आयुष्याकडे नुसत्या पहिल्या वाक्यासारखं बघणारा माणूस बॅट लवकर फिरवायला शिकेल कशाला?

आता पणाला काय लागलंय ते बघू. स्टार खेळाडूला प्रोजेक्शनने फारसा धक्का बसत नाही. त्याच्या खात्यात हजारो खेळी असतात, त्याचा आकडा त्याचाच असतो. धक्का बसतो तो काठावरच्या पोराला, ज्याच्या आकड्यात तो स्वतः तीस टक्के आहे. त्याला संधी द्यायची की नाही हे उरलेले सत्तर टक्के ठरवतात. संधी मिळाली नाही तर नवे आकडे तयार होत नाहीत, आणि भाकीत खोटं ठरण्याची वेळच येत नाही. वयाबरोबर खेळ किती उतरतो याचे आलेखही असेच जपून वाचावे लागतात. ज्यांचा खेळ फार उतरला त्यांना घरी पाठवलेलं असतं, म्हणून पुढच्या वर्षाच्या हिशेबात ते नसतातच.

माइक पियाझा १९८८ मध्ये निवडीच्या बासष्टाव्या फेरीत घेतला गेला, १३९० वा. तेही वडिलांची आणि टॉमी लासोर्डा यांची ओळख होती म्हणून. पुढे तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०२१ पासून निवडीच्या फेऱ्या वीसवर आल्या आणि मायनर लीगचे संघ सुमारे १६० वरून १२० वर. यामागे खर्चाचा हिशेब आहे, सगळा दोष सूत्राच्या माथी मारणं बरोबर नाही. पण परिणाम बघा. अपवाद ठरायला जी जागा लागते तीच कमी झाली. आणि पियाझाला दार उघडलं ते ओळखीने, हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. ज्यांची कोणाशी ओळख नव्हती अशा किती जणांना कोणी बघितलंच नाही, याची नोंद कुठल्याही वहीत नसते.

मग करायचं काय? भाकीत टाकून द्यायचं नाही. ते वाचताना वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करायचं. ‘हा पुढच्या वर्षी ०.२५० ने खेळेल’ असं छापलेलं असेल तर ‘आपल्याला माहीत असलेल्या बाबतींत याच्यासारखे असलेले खेळाडू सरासरीने ०.२५० च्या आसपास खेळले’ असं वाचायचं. वाक्य लांबतं, पण खरं होतं. शंभर खेळाडूंचं अंदाजपत्रक करायचं असेल तर एवढं वाक्य पुरतं. एका माणसाला उद्यापासून येऊ नकोस म्हणायचं असेल तर मात्र ते पुरत नाही. तेव्हा उठून मैदानावर जावं लागतं आणि त्या एका शिताला हात लावावा लागतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.