सोमवारी या

साहित्यावर बोलायचा मला अधिकार नाही, याबद्दल आमच्या घरात आणि बँकेत संपूर्ण एकमत आहे. आमची सौ. एम.ए. मराठी. मी बी.कॉम., तेही सेकंड क्लास. एखाद्या कादंबरीबद्दल मी तोंड उघडलं की ती म्हणते, "तुम्ही आपलं व्याजाचं बघा." आता खरं सांगायचं तर मी व्याजाचंच बघतो, अगदी कादंबरीतसुद्धा. मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'च्या शेवटी टॉम आणि हक या दोन पोरांना प्रत्येकी ६००० डॉलरचं घबाड मिळतं आणि मोठी माणसं ते ६ टक्क्यांनी व्याजाला लावतात, हे वाचल्याबरोबर माझा हात कॅल्क्युलेटरकडे गेला. वर्षाचे ३६० डॉलर. पुढच्या पुस्तकात हक सांगतो, आम्हांला रोजचा एक डॉलर मिळायचा. पाच डॉलरांची तफावत सोडली तर हिशेब चोख! ज्या लेखकाचं व्याज जुळतं त्याच्यावर माझा चटकन विश्वास बसतो. आणि विश्वास बसला की मग तक्रारही करावीशी वाटते. कुणाबद्दल काही वाटत नसेल तर माणूस तक्रारबुकात कशाला लिहील?

तक्रार दिरंगाईची आहे. दिरंगाई हा विषय मला बोलता येतो, हे सौ.सुद्धा मान्य करते.

'टॉम सॉयर' १८७६ साली आली. तिच्यात हकलबेरी फिन हे दुय्यम पात्र. गावच्या दारुड्याचा पोरगा. साखरेच्या रिकाम्या पिंपात झोपणारा. शाळा नाही, अंघोळ नाही. गावातल्या सगळ्या आयांनी 'त्याच्याबरोबर खेळायचं नाही' असं बजावलेलं, आणि म्हणूनच सगळ्या पोरांना तो हवाहवासा. प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. त्याला हुद्दा नसतो, खुर्ची नसते, पण त्याच्यावाचून पान हलत नाही.

टॉमची गोष्ट लिहून होताच, १८७५ सालीच, ट्वेनने आपला संपादक मित्र हॉवेल्स याला कळवलं होतं की पुढेमागे एखादा पोरगा घेऊन त्याच्याच तोंडून त्याची गोष्ट सांगावी म्हणतो. मात्र टॉम त्या कामाचा नाही. म्हणजे हेडक्लार्कच्या हातून न होणारं काम शिपायाकडे आलं. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने हकला बोलतं केलं. ट्वेन तेव्हा उन्हाळ्यात मेव्हणीच्या मळ्यावर जाऊन लिहीत असे. त्या बाईंनी त्याला लिहायला एक स्वतंत्र अष्टकोनी खोली बांधून दिली होती. मलाही मेव्हण्या आहेत, पण तो विषय वेगळा. एका महिन्यात ४०० पानं झाली आणि गाडी अडली. हे आपल्याला बेताचंच आवडलंय, कप्प्यात टाकीन नाहीतर जाळून टाकीन, असं त्याने त्याच मित्राला लिहिलं. जाळलं नाही. कप्प्यात टाकलं. कारकुनाला या दोन क्रियांमधला फरक नीट ठाऊक असतो: जाळलेल्या कागदाची चौकशी होते, कप्प्यातल्या कागदाची होत नाही.

गाडी नेमकी कुठे अडली, यावरही विद्वानांचा बरीच वर्षं घोळ होता. हक आणि पळालेला गुलाम जिम तराफ्यावरून चाललेत, एक आगबोट येते, तराफ्यावरून आरपार जाते. तिथेच ट्वेनने लेखणी ठेवली, असं मानलं जायचं. मग १९९० साली लॉस एंजेलिसला एका माळ्यावरच्या पेटीत त्याच्या हस्तलिखिताचा पहिला अर्धा भाग सापडला. शंभर वर्षांपूर्वी ट्वेनने तो बफेलो शहरातल्या लायब्ररीला देणगी म्हणून पाठवला होता. तिथला कारभार पाहणाऱ्या वकीलसाहेबांकडे तो राहिला आणि त्यांच्या वारसांबरोबर फिरत फिरत माळ्यावर गेला. (मी पुस्तक परत करायला आठ दिवस उशीर केला की आमच्या वाचनालयातल्या बाई चष्म्यावरून बघतात.) तर त्या कागदांवरून कळलं की ट्वेन आगबोटीच्या थोडा पुढे गेला होता. हक दोन भांडखोर घराण्यांपैकी एकाच्या घरी पोचतो आणि तिथल्या मुलाला विचारतो, वैर म्हणजे काय? कामकाज तिथे थांबलं. हकने प्रश्न विचारला आणि पुढचं उत्तर यायला तीनेक वर्षं लागली. आमच्या हेड ऑफिसचा वेगही साधारण हाच.

१८७९-८० च्या सुमारास त्याने थोडं पुढे लिहिलं आणि पुन्हा ठेवून दिलं. मधल्या काळात गृहस्थ स्वस्थ नव्हता. युरोपच्या प्रवासाचं पुस्तक झालं, राजपुत्र आणि भिकारी यांच्या अदलाबदलीची कादंबरी झाली. 'हकलबेरी फिन' संपली १८८३ च्या उन्हाळ्यात. छापतानाही छापखान्यातल्या कुणा वात्रटाने एका चित्रात अश्लील फेरफार केला, तो निस्तरण्यात आणखी वेळ गेला. इंग्लंडात पुस्तक डिसेंबर १८८४ ला आलं आणि खुद्द अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ ला. आमच्याकडे हक्क मिळायला जितकी वर्षं लागतात त्यामानाने हक लवकरच मिळाला म्हणायचा!

पण या सात-आठ वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. ट्वेनचं स्वतःचं म्हणणं असं होतं की लेखकाची टाकी रिकामी होते, मग ती भरेपर्यंत वाट पाहावी. पुणेकराला हे पटवून द्यावं लागत नाही. आणि टाकी खरोखर भरली. तरुणपणी, १८६१ पर्यंत, ट्वेन मिसिसिपी नदीवर बोटीचा पायलट होता. १८८२ साली, एकवीस वर्षांनी, तो परत त्या नदीवर गेला, गावं पाहिली, माणसं पाहिली, आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहून झाल्यावर पुन्हा हककडे वळला. त्या शेवटच्या टप्प्यात जे उतरलं ते आधीच्या ४०० पानांत नाही. जिम पहाटे एकटाच गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि हकला सांगतो की चार वर्षांच्या पोरीने दार लाव म्हटलेलं ऐकलं नाही म्हणून मी तिला मारलं, आणि मग कळलं की आजारपणात ती बहिरी झाली होती. जिमचा पत्ता कळवणारं पत्र हक लिहितो, आणि नरकात जावं लागलं तरी चालेल म्हणून फाडून टाकतो. ही पानं १८७६ साली आली नसती. याला मी मुदत ठेव म्हणतो. पैसे अडकले असं वाटतं, पण आत व्याज चढत असतं.

माझी तक्रार पुढची आहे. मुख्य पात्र टॉम, दुय्यम पात्र हक. हकचा नंबर लागला. हकच्या मागे रांगेत जिम उभा होता, त्याचं काय?

जिमबद्दल मला व्यवसायामुळेही आपुलकी आहे. त्याच्याकडे एकदा १४ डॉलर होते. दहाची गाय घेतली, ती मेली. उरलेल्यातले पाच त्याने दुसऱ्या एका गुलामाने काढलेल्या बँकेत ठेवले. ती वर्षाला एकावर आणखी चार देणार होती, अर्थातच बुडाली. जिमची खरी योजना मात्र साधी होती. पळून जायचं, राबून पैसे साठवायचे, बायकोला विकत घ्यायचं, मग दोघांनी मिळून पोरांना विकत घ्यायचं. यापेक्षा पवित्र आवर्ती ठेव मी आजवर कुठल्या लेजरात पाहिली नाही.

आणि कादंबरीच्या शेवटी काय होतं? जिम पकडला जातो, एका शेतावरच्या खोपटात साखळीला बांधला जातो. पलंगाचा पाय उचलला की साखळी सुटेल, इतकं सोपं काम. पण टॉम सॉयर येतो, आणि त्याने कैद्यांच्या सुटकेची पुस्तकं वाचलेली असतात. म्हणून दोरीची शिडी पाहिजे, भुयार पाहिजे, खोपटात उंदीर आणि साप पाहिजेत. कैद्याने सदऱ्यावर रोजनिशी लिहिली पाहिजे. हक म्हणतो, अरे, जिमला लिहिता येत नाही. टॉम म्हणतो, खुणा करील! आठवड्यांमागून आठवडे हा पोरखेळ चालतो. जिम बिचारा सगळं सोसतो. नंतर कळतं की जिमची मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली होती आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलं होतं. टॉमला हे पहिल्यापासून माहीत होतं. मंजुरी झालेली होती. कागद टॉमच्या खिशात होता. धीर धरून कैदी झाल्याबद्दल टॉम त्याला ४० डॉलर देतो. जिम खूश होतो. त्याच्या बायकोचं, त्या बहिऱ्या पोरीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. हकही नाही.

ही मुदत ठेव नव्हे. हे अडवून ठेवलेलं पेमेंट आहे. दोन्हींना आपण 'उशीर' असा एकच शब्द वापरतो, ही भाषेची गैरसोय आहे. ट्वेनने टॉमचा हा खेळ मुद्दाम असा निर्दय दाखवला, असं काही जाणकार म्हणतात. असेल. मग हिशेब पुढच्या पुस्तकात पुरा करायचा होता. टॉमच्या आणखी दोन गोष्टी त्याने १८९४ आणि १८९६ साली छापल्या. पहिलीत जिम फुग्यात बसून आफ्रिकेला जातो, घरी जात नाही. नंतर एक तिसरी लिहायला घेतली. तिच्यात जिमवर खुनाचा आळ येतो, तो तुरुंगात जातो, आणि ती गोष्टच अपुरी राहिली.

ट्वेन बुडवणारा माणूस नव्हता, म्हणून हे जास्त लागतं. १८९४ साली त्याची प्रकाशन कंपनी बुडाली. कायद्याने थोडक्यात सुटता आलं असतं. ते न करता म्हातारा जगभर व्याख्यानं देत फिरला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईलाही येऊन गेला, हॉटेलच्या खिडकीशी जमणाऱ्या इथल्या कावळ्यांवर पानंच्या पानं लिहून गेला, आणि १८९८ पर्यंत त्याने सगळ्या सावकारांची पै न पै चुकवली. फक्त जिमचं खातं तसंच राहिलं. दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर खात्यातली रक्कम आमच्याकडे रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जाते. वारस केव्हाही आला तरी मागू शकतो. इथे वारस आला २०२४ साली. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने 'जेम्स' ही कादंबरी जिमच्याच तोंडून लिहिली. पहिलं पुस्तक अमेरिकेत आल्यापासून १३९ वर्षांनी! तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, २०२५ साली पुलित्झर मिळालं. या जिमला लिहिता-वाचता येतं, आणि गोऱ्यांसमोर तो अडाणी भाषा मुद्दाम बोलतो. त्याला हवा असतो पेन्सिलीचा एक तुकडा. तो चोरून आणून देणाऱ्या गुलामाचा त्यापायी जीव जातो. ज्या माणसाकडून टॉमने खेळापुरत्या खुणा करवल्या, तो इथे खरोखर लिहितो. आणि बायकोपोरांना शोधायला निघतो. जुनं खातं असं चालू झालेलं पाहिलं की मन भरून येतं.

आता एक सांगायचं राहिलं. मी 'हकलबेरी फिन' वाचली ती बँकेत, ड्रॉवर अर्धवट उघडा ठेवून. टॉम भुयार खणत होता त्या दिवसांत एक आजी काउंटरवर येत असत. यजमान वारलेले, त्यांच्या खात्यातल्या पैशांचा क्लेम. "झालं का हो साहेब?" मी म्हणायचो, "आजी, सोमवारी या." त्या तीन वेळा आल्या. रिक्षाने. पुस्तक संपलं त्या शुक्रवारी ते उचललं, तर खाली त्यांच्या क्लेमची मंजुरी. अकरा दिवसांपूर्वीची.

मी स्वतः फोन केला. आजी तासाभरात आल्या, सही केली आणि म्हणाल्या, "सोमवार म्हणाला होतात, शुक्रवारीच झालं. देव तुमचं भलं करो."

घरी येऊन हे सगळं सौ.ला सांगितलं. जिम, टॉम, मुदत ठेव आणि पेमेंट यांतला भेद, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. प्रथमच. मग विचारलं, "आजींना त्या अकरा दिवसांचं व्याज दिलंत का?"

एम.ए. मराठी असून तिला हे सुचलं. मी बी.कॉम. सोमवारी आधी ते काम करायचं आहे.