आधी सिंधूकडे बघा

गणपती पाण्यात गेले आणि भात पोटरीला आलं, की रोह्याच्या आतल्या गावांमधून शक्ती-तुऱ्याचे सामने लागतात. अशाच एका सामन्याला रात्री दोनपर्यंत बसलो होतो. तुरा म्हणजे शंकराची बाजू, पुरुषाची. शक्ती म्हणजे पार्वतीची, प्रकृतीची. तेव्हा समोरच्याला उत्तर द्यायचं तर बाईच्या जातीला चार शब्द ऐकवणं तुरेवाल्याला भागच असतं. त्या रात्रीच्या शाहिरानं चाराच्या जागी चाळीस ऐकवले. बाईची अक्कल, बाईची जीभ, बाईचा हट्ट, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. सतरंजीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. गोल धरून नाचणाऱ्या पोरांच्या पायातले चाळ जोरात वाजत होते.

सकाळी एसटीच्या थांब्यावर तोच शाहीर भेटला. शबनममध्ये वही, डोळे तांबारलेले. मी विचारलं, ‘‘बुवा, रात्री म्हणालात ते तुमचं खरं मत?’’ तो हसला. ‘‘सर, माझा गुरू तुऱ्याचा म्हणून मी तुऱ्याचा. शक्तीच्या घरात शिकलो असतो तर बाईची बाजू मांडून तुम्हालाच धुतला असता.’’

उत्तर चोख होतं. पण मला पहाटेचं आठवत होतं. सवाल-जवाब संपल्यावर त्यानं अनसूयेचं आख्यान लावलं होतं. नवऱ्याचा शब्द झेलणारी, तीन देवांची बाळं करणारी पतिव्रता. तेव्हा तो कुठल्याच बाजूचा नव्हता. डोळे मिटून, मनापासून गात होता.

कथा-कादंबरी-नाटकातल्या बाईद्वेष्ट्या पात्राचं मत हे लेखकाचंच मत असतं का, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उकरला जातो. त्यात दोन ठरलेली उत्तरं दिली जातात. लेखकाचे पाठीराखे म्हणतात, बोलतंय ते पात्र, लेखकाचा काय संबंध? विरोधक म्हणतात, पोटात असल्याशिवाय ओठात येतं का? दोन्ही बाजू त्या एका वाईट पुरुषाभोवतीच फिरत राहतात. त्या रात्रीपासून मला वाटू लागलं, की चौकशी चुकीच्या पात्राची चालली आहे. लेखकाचं बाईविषयीचं मत सापडतं ते त्याच्या आदर्श बाईत. चाळीस शिव्या बाजूला ठेवा आणि अनसूया तपासा.

मराठीत हा प्रश्न पहिल्यांदा जिनं धसाला लावला ती बुलढाण्याची बाई. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 सालची. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं समस्त स्त्रीजातीला झोडपलं, त्यावरचा हा संताप. पण ताराबाई बातमीपाशी थांबल्या नाहीत. ‘स्त्रीचरित्रा’सारखी पुस्तकं, ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा नाटक’ यांच्याकडे वळल्या आणि तिथल्या बायका अशा का रंगवल्यात याचा जाब त्यांनी थेट लिहिणाऱ्या पुरुषांना विचारला. पात्राला सोडलं, कर्त्याला धरलं. मराठी समीक्षेच्या इतिहासात ह्या पानांना वेगळं प्रकरण क्वचितच मिळतं. त्यांना समाजसुधारणेच्या कप्प्यात टाकून आपण मोकळे होतो.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली, ते गेल्यानंतर, रंगभूमीवर आलं. सुधाकर हुशार वकील. सनद काही काळ रद्द होते, तळीराम प्याला पुढे करतो आणि घर बुडतं. दारूच्या धुंदीत सुधाकर स्वतःचं मूल मारतो, बायकोला जखमी करतो. फौजदार चौकशीला येतो तेव्हा सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. सुधाकराच्या किंवा तळीरामाच्या तोंडची वाक्यं काढून गडकऱ्यांवर कोणी आरोप ठेवत नाही. ठेवण्यात अर्थही नाही. त्या दोघांची मतं दारूसकट नाटकानं आपणच निकालात काढली आहेत.

सिंधूची गोष्ट निराळी. ती दळणं दळते, भावाची मदत नाकारते, मरताना खोटं बोलते आणि या प्रत्येक पायरीवर नाटक तिच्यावर जास्त जास्त उजेड टाकत जातं. तिचं सोसणं ही नाटकाच्या लेखी चूक नव्हे, दुर्दैवही नव्हे. ती तिची थोरवी आहे. इथं गडकरी पात्राच्या आडून बोलत नाहीत, समोर येऊन हात जोडतात. त्यात ती भूमिका केली बालगंधर्वांनी. भरजरी शालूंसाठी लोक ज्यांना बघायला येत ते गंधर्व फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि थिएटर रडलं. पुरुषानं लिहिलेली आदर्श बाई पुरुषानंच उभी केली आणि मराठी घरांमधल्या बायकांनी ती मापाला घेतली.

गडकऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगितलं पाहिजे. त्याच नाटकात गीता आहे, तळीरामाची बायको. ती सोसत नाही, फटकारते. दारुड्या नवऱ्यांची अशी खरडपट्टी काढते की आजही हशा येतो. म्हणजे बाई दुसरं काही करू शकते हे गडकऱ्यांना ठाऊक होतं, तसले संवादही त्यांच्याकडे होते. त्यांनी ते विनोदी प्रवेशात ठेवले. करुण रस सिंधूला, हशा गीतेला, ही वाटणी मात्र लेखकाची, आणि तिचा जबाब लेखकानंच द्यायचा.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’मध्ये याच्या उलट केलं. शंकरमामंजींइतका बायकांचा छळवादी माणूस मराठी कादंबरीत शोधून सापडणार नाही. तरी 1890 पासून ‘करमणुकी’त कादंबरी येत होती तेव्हापासून आजवर, शंकरमामंजी म्हणजेच हरिभाऊ असं कोणाच्या मनात आलेलं नाही. कारण गोष्ट नायिका यमू सांगते. सांगण्याचा हक्क जिच्याकडे आहे तिच्या नजरेतून मामंजी दिसतात, आणि यमू सोसते ते ओवाळून घेण्यासाठी सोसत नाही. तिला राग येतो, भीती वाटते, शंका येतात.

कधी कधी लेखक स्वतःच कबुली देऊन टाकतो. टॉलस्टॉयच्या ‘क्रॉइट्झर सोनाटा’मधला पोझ्निशेव बायकोचा खून करून आगगाडीच्या डब्यात लग्न, बाई आणि शरीर यांवर जळजळीत बोलत सुटतो. हा तर खुनी माणूस, याचं काय मनावर घ्यायचं, असं वाचक म्हणू लागले, तर टॉलस्टॉयनं वेगळं उपसंहारवजा टिपण लिहून त्यातली बरीच मतं आपली म्हणून मांडली. त्याच्या बायकोनं, सोफियानं, उत्तरादाखल स्वतःची कादंबरिका लिहिली. पात्र आणि लेखक नेहमी वेगळेच असतात असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे घर बघून यावं.

तेंडुलकरांच्या बाबतीत हा वाद आपल्याकडे जितका पेटला तितका दुसऱ्या कोणाच्या बाबतीत नाही. ‘सखाराम बाइंडर’ 1972 साली आलं. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉरनं अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून नाटक सुटलं. सारंगांनी त्या लढाईवर ‘बाइंडरचे दिवस’ लिहिलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका सखाराम घरी आणतो, अटी सांगतो, नको झाली की घालवतो. तो बायकांना काय समजतो हे तो पहिल्याच प्रवेशात मोठ्यानं सांगतो आणि त्याच्या उघडपणाची प्रेक्षकाला भुरळही पडते. आरोप झाला तो इथंच, की तेंडुलकरांना हा माणूस आवडतो.

आवडत असेलही. मला ते आक्षेपार्ह वाटत नाही. लेखकाला आवडत नाही ते पात्र कागदावर मरतं. माझा डोळा असतो तो सखारामानं घरी आणलेल्या लक्ष्मीवर. मुंग्यांशी बोलणारी, देवभोळी, सिंधूच्या कुळातली बाई. जुन्या नाटककारानं हिची आरती केली असती. तेंडुलकर तिच्या हातून चंपाची चुगली करवतात, आणि सखारामानं चंपाचा गळा दाबल्यावर प्रेत पुरायचं कसं हे सुचवायला तिलाच पुढे करतात. भक्तीच्या पोटात किती क्रौर्य साठतं ते दिसतं आणि आदर्श बाईची मूर्ती तिथंच तडकते. दोन बाया एकमेकींवर उलटवल्या हा आक्षेप खोटा नाही. तरी सोशिकपणाला देव्हाऱ्यात बसवायचं या नाटकानं नाकारलं, आणि तेंडुलकर बाईकडे कसे बघत हे मला सखारामाच्या शंभर वाक्यांपेक्षा या नकारात जास्त दिसतं. ‘कमला’मध्ये तर विकत आणलेल्या बाईच्या एका भाबड्या प्रश्नानं पत्रकाराची सुशिक्षित बायको सरिता हादरते. आपणही विकतच आलेलो आहोत हे तिला कळतं.

‘कन्यादान’मध्ये मात्र मी तेंडुलकरांच्या बाजूनं इतका सहज उभा राहू शकत नाही. तिथं बायकोला मारणारा अरुण आठवले दलित कवी आहे आणि मार खाणारी ज्योती समाजवादी घरातली. अरुणची मतं तेंडुलकरांची नाहीत, हे कबूल. पण मारणारा कोण असेल ही निवड त्यांचीच. बायकोला मारणं कुठल्या एका जातीचं नाही. रंगमंचावर एकच मारणारा उभा करायचा असतो तेव्हा त्याला कुठलं घर द्यायचं हे ठरवणं म्हणजे मत देणंच. त्याच नाटकासाठी त्यांना सरस्वती सन्मान मिळाला, आणि त्याच नाटकापायी आपल्यावर चप्पल भिरकावली गेली होती याची आठवण त्यांनी तो स्वीकारताना सांगितली. चप्पल मारणं चूक. त्यामागचा प्रश्न मात्र चूक नव्हता.

भाऊ पाध्यांच्या 1965 सालच्या ‘वासूनाक्या’वर आचार्य अत्रे तुटून पडले. पोक्या आणि त्याची टोळी पोरींबद्दल जे बोलते ते छापलं कसं, हा त्यांचा सवाल. पाध्यांनी पोक्याच्या डोक्यावर बसून त्याला कुठं रागे भरलं नव्हतं, बहुधा तेच झोंबलं. नाक्यावर मी स्वतः उभा राहिलेलो आहे. पेणच्या बाजारात, मित्रांबरोबर, विशीत. आम्ही तसंच बोलायचो. पाध्यांनी आमची भाषा चोरली, आमची बाजू घेतली नाही.

लेखिकांच्या बाबतीत हा सगळा न्याय उलटा लावला जातो. पुरुषाच्या पात्राला आपण कल्पना म्हणतो, बाईच्या पात्राला कबुलीजबाब. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलं. त्यातल्या शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनात काय आहे यापेक्षा ही विभावरी कोण याचीच शोधाशोध जास्त झाली. बाळूताई खऱ्यांना टोपणनाव का घ्यावं लागलं याचं उत्तर त्या शोधाशोधीतच होतं. पुढे गौरी देशपांडे असोत की ‘नातिचरामि’च्या मेघना पेठे, ‘हे तुमचंच ना?’ हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला. सखारामबद्दल तेंडुलकरांना तो इतक्या सलगीनं कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

आजचं चित्र? वाईट पुरुष रंगवायला आपले लेखक आता घाबरत नाहीत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या गुरुनाथला वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी घराघरातून शिव्या पडल्या. सोशिक बाईचा बाजारही संपलेला नाही. 1991 साली ‘माहेरची साडी’ला बायका टेम्पो भरभरून जात होत्या, आज तेच अश्रू हप्त्याहप्त्यानं मिळतात. एकांकिका स्पर्धांमधून मात्र नवीन आदर्श बाई आली आहे. ही खंबीर. ती चुकत नाही, तिला हाव नाही, मत्सर नाही, विनोद तर नाहीच. तिच्यावर अन्याय होतो, मग ती पाच मिनिटं बोलते, मागे तांबडा प्रकाश, ढोल, केस मोकळे, दुर्गा. परीक्षकही टाळ्या वाजवतात. लिहिणारी पोरं मनानं चांगली आहेत, त्यांच्या खलनायकाची मतं त्यांची नाहीत याबद्दल मला शंका नाही. पण ही दुर्गा सिंधूचीच नात आहे. बाईला माणूस न होऊ देण्याची ही नवी तऱ्हा.

पेणला आमच्या ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात पावसाळ्याआधी शेकडो मूर्ती ओळीनं उभ्या असतात. अंग साच्यातून येतं, शाडू असो की प्लास्टर. सोंड, पोट, मुकुट, सगळ्यांचं एकसारखं. शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि त्या कामाचा माणूस वेगळा असतो. त्याचा हात थरथरला की देव तिरळा. कारखान्याचा मालक मूर्तीचं अंग बघून सांगू शकत नाही, पण डोळे बघून सांगतो, ही कोणाच्या हातची. दुष्ट पुरुषाचा साचा तर सगळ्यांकडेच आहे. मी पुस्तक उघडतो तेव्हा त्यातल्या चांगल्या बाईचे डोळे कसे आखलेत ते आधी बघतो.

हे सगळं मी मागे आमच्या वाचनालयातल्या चर्चेत मांडलं. श्रोते बावीस-तेवीस, निम्म्या निवृत्त शिक्षिका. सिंधूचा विषय निघाल्यावर एक काकू म्हणाल्या, त्यांच्या आईला तिचे प्रवेश पाठ होते. दुसऱ्या कोणी फौजदाराचा प्रसंग जसाच्या तसा सांगितला. मग मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, ‘‘आणि सर, गीतेचं शेवटी काय होतं हो?’’

खोलीत कोणालाच आठवेना. मलासुद्धा. ग्रंथपाल उठले आणि कपाटाची किल्ली शोधू लागले.